मॅडम, पाय हलला!

डोंबिवली-कल्याणात मणक्याला मार लागलेल्या पेशंटच्या घरी पहिल्यांदा गेले की चहाच्या आधी प्रश्न येतो. "मॅडम, आतली वायर तुटलीय का? जोडता येत नाही का?" मध्य रेल्वेच्या रुळांशेजारी आयुष्य काढलेल्या माणसांना वायर तुटणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. ओव्हरहेड वायर तुटली की गाड्या खोळंबतात, टॉवर वॅगन येते, दोन-चार तासांत जोडतात आणि रात्री आपण घरी पोचतो. मग पोराच्या पाठीतली का जोडत नाहीत?

ही उपमा अर्धी बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात माझं सगळं काम आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. शिकले सायनला, काही वर्षं ठाण्यात नोकरी केली, आता स्कूटरवरून घरोघरी जाते. पहिल्या वर्षाला डिसेक्शन हॉलमध्ये आम्ही मणक्यांची मागची बाजू कापून मज्जारज्जू उघडा केला, तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला होता, "एवढासाच?" करंगळीएवढी जाडी, 45 सेंटिमीटरच्या आसपास लांबी, वजन 35 ग्रॅमच्या घरात. मेंदू 1300 ते 1400 ग्रॅमचा, आणि त्या मेंदूने गळ्याखालच्या शरीराला सांगायचं ते बहुतेक सगळं या एवढ्याशा दोरीतून. ती पाठीच्या शेवटापर्यंत जातही नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते, त्याखाली नुसत्या नसांचा झुबका उतरतो. आडवा छेद घेतला तर बाहेर पांढरा भाग दिसतो, मधोमध राखाडी. पांढऱ्यात वर-खाली जाणारे तंतू, राखाडीत पेशी. नातेवाइकांच्या वायरीत पांढरा भाग चपखल बसतो. राखाडी भागाला तिथे जागाच नाही.

जोडण्याचं म्हणाल, तर हाताची नस कापली गेली आणि सर्जनने नीट शिवली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मज्जारज्जूतले तंतू तसे वाढत नाहीत. तिथली जखम भरून व्रण तयार होतो आणि भोवतालच्या पेशी नव्या तंतूंना वाट देत नाहीत. ऑपरेशन होतं ते मणके स्थिर करायला आणि दाब काढायला. स्क्रू-रॉडचा एक्स-रे दाखवून "जोडलंय ना आता?" असं विचारणाऱ्या बापाला हे समजावणं फार अवघड जातं, कारण त्या एक्स-रेत खरोखरच सगळं जोडलेलं दिसतं.

ठाण्यात मानेच्या दुखापतींवर काम करायचं आणि दहीहंडीबद्दल बोलायचं नाही, हे जमत नाही. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून 43.79 फुटांचा गिनेस विक्रम केला तो ठाण्यातच. ऑगस्ट 2025 मध्ये कोकण नगर पथकाने दहा थर लावले तेही ठाण्यात. मधल्या काळात उच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा घातली, ती पुढे उठली, 14 वर्षांखालच्या मुलांना बंदी आली आणि 2022 मध्ये सरकारने याला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. मी बंदीच्या बाजूची नाही. आमच्या घरातही गोविंदा झाले आहेत आणि सरावाच्या दोन महिन्यांत ही पोरं जितकी शिस्तीत असतात तितकी उरलेल्या दहा महिन्यांत नसतात. माझं भांडण एका वेगळ्याच गोष्टीशी आहे: पडलेल्याला उचलण्याच्या पद्धतीशी. दोघं खांद्याला धरतात, दोघं पायाला, डोकं मागे लोंबतं, कुणीतरी तोंडावर पाणी मारतं आणि रिक्षात कोंबतात. मानेचा मणका मोडलेला असेल तर त्या अर्ध्या मिनिटात आतल्या दोरीचं काय होत असेल, हे ज्याने ती हातात धरून पाहिली आहे त्याला बघवत नाही. पडलाय तिथेच राहू द्यावा. एकाने दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवावं, 108 ला फोन लावावा, आणि हलवायचंच असेल तर फळीवर, डोकं-खांदे-कंबर एका रेषेत ठेवून, सगळ्यांनी मिळून. इतकं पथकातल्या प्रत्येकाला यायला हवं. बहुतेकांना हंडीची गाणी सगळी येतात.

माझा पेशंट डोंबिवली पश्चिमेचा, बावीस वर्षांचा, चौथ्या थरावरचा. मान खाली घालून उभा होता आणि वरचे दोन थर त्याच्या मानेवर आले. इजा मानेतल्या सहाव्या भागाच्या खाली. हे "कुठे" सगळं ठरवतं, "किती लागलं" नंतर येतं. मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात, त्यातल्या आठ मानेत. तिसरी, चौथी, पाचवी मिळून श्वासपटल चालवतात. त्या गेल्या की श्वासाला मशीन. पाचवीने कोपर वाकतं, सहावीने मनगट वर उचलतं, सातवीने कोपर सरळ होतं, आठवीने बोटं मिटतात. या मुलाला सहावीपर्यंतच मिळालं होतं. सातवी शाबूत असती तर तळव्यांवर भार देऊन तो स्वतः पलंगावरून खुर्चीत गेला असता. मधलं अंतर दीड-दोन सेंटिमीटरचं. आयुष्यभर दुसऱ्याने उचलावं की नाही हे एवढ्या अंतरावर ठरतं.

पण सहावीतही एक मेख आहे. वाचकाने आत्ताच हात सैल सोडून मनगट मागे वाकवून पाहावं. बोटं आपोआप आत येतात. मनगट खाली सोडलं की उघडतात. हे मेंदू करत नाही, स्नायूंच्या दोऱ्यांची लांबीच तशी असते. ज्याची बोटं निकामी आहेत पण मनगट उचलता येतं, तो या युक्तीने पेला धरू शकतो, चमचा धरू शकतो, मोबाइल धरू शकतो. अट एकच: बोटांचे स्नायू थोडे आखूड राहिले पाहिजेत.

आणि इथे त्याची आई आडवी आली. रोज सकाळ-संध्याकाळ तिळाचं तेल कोमट करून पोराची बोटं एकेक करून सरळ ओढत होती, मनगटासकट. वाकडी राहू नयेत म्हणून.

"काकू, बोटं अशी ओढू नका. थोडी वाकलेली राहू द्या."

"म्हणजे पोराचे हात लुळे ठेवू? लोक काय म्हणतील, आईने साधं मालीशही केलं नाही?"

मी त्यांचाच हात धरून मनगटाची गंमत दाखवली, पुन्हा पुन्हा. त्या पाहत राहिल्या, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटं ओढली. यात अडाणीपणा काही नव्हता. मुलासाठी हातांनी करण्यासारखी तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती आणि मी ती काढून घेत होते. शेवटी खांद्याचं आणि कोपराचं मालीश त्यांना नेमून दिलं, वेळा ठरवून, वहीत लिहून. बोटं वाचली.

लोकलवरून पडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. 9 जून 2025 ला मुंब्रा आणि दिव्याच्या मधल्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, त्या दिवशी चार जण गेले आणि नव्या लोकलना आपोआप मिटणारी दारं बसवण्याची घोषणा झाली. त्या आठवड्यात माझ्या प्रत्येक पेशंटच्या घरी टीव्ही चालू होता. एका घरी तो बंद होता. तिथला मुलगा त्याच्या कितीतरी आधी, याच मार्गावर, दारातून पडला होता. पाठीच्या मधल्या भागात इजा, बेंबीच्या चार बोटं वर संवेदना संपते. बेंबी म्हणजे छातीच्या भागातली दहावी नस, हा आमचा ठरलेला खुणेचा दगड. एका हातात कापूस, एका हातात टाचणी घेऊन मी पोटावरून खाली येते आणि तो डोळे मिटून "हो, हो, हो" म्हणतो. मग गप्प होतो.

पहिले काही आठवडे त्याचे पाय पूर्ण लुळे होते. मग एका सकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, पाय हलला!" मी पोचेपर्यंत घर भरलं होतं. चाळीतल्या दोन-तीन बायका, कोपरहून आलेला मामा, आजीने गणेश मंदिरात नारळ फोडून आणलेला प्रसाद, आणि टीपॉयवर पेढ्यांचा अर्ध्या किलोचा बॉक्स. आजीने चादर सरकवून तळव्याला हात लावला आणि पाय गुडघ्यात वाकून वर आला. मामाने टाळ्या वाजवल्या.

मी सगळ्यांना थांबवलं नाही. पेढा घेतला. मग पलंगावर बसून त्या मुलाला म्हटलं, "डोळे मीट. कुणी हात लावणार नाही. आता तू पाय वर घे." त्याने दात-ओठ आवळले, मानेच्या शिरा फुगल्या. पाय जागचा हलला नाही. पुन्हा तळव्याला नख लावलं आणि पाय उडाला.

"हा पाय तू हलवलास का?"

"नाही," तो म्हणाला. त्याला माझ्या आधीच कळलं होतं, असं मला वाटतं.

राखाडी भागाचं काम ते हेच. चटका बसला की हात आधी मागे येतो आणि "आई गं" नंतर निघतं, कारण पहिला निर्णय मज्जारज्जू स्वतःच्या पातळीवर घेतो, मेंदूला नंतर कळवतो. पावलाला काही टोचलं की पाय मागे घ्यायचा, ताणलेला स्नायू उलट आखडायचा, हे सगळं तिथल्या तिथे ठरतं. मेंदू वरून एरवी या उतावळेपणाला लगाम घालत असतो. इजा झाली की सुरुवातीला खालचा भाग सुन्न पडतो, काही आठवडे काहीच करत नाही. मग हळूहळू स्वतःचं काम पुन्हा सुरू करतो आणि लगाम धरणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून पाय आखडतात, उडतात, रात्री झोपेत एकमेकांवर आपटतात. वायर तुटली की पुढचा दिवा विझतो. इथे पुढचा भाग विझत नाही, स्वतःच्या मर्जीने वागू लागतो.

हे मी त्या खोलीत सगळं सांगितलं नाही. वडिलांना जिन्यात सांगितलं. पेढ्यांचा बॉक्स परत कपाटात गेला. त्यानंतर त्या घरात कुणी मला काही आनंदाने सांगायला महिनाभर धजलं नाही, आणि असं सांगणं हे या कामातलं मला सर्वांत नकोसं वाटणारं काम आहे.

पण या उडणाऱ्या पायांचा उपयोगही असतो. स्नायू अगदी झिजून जात नाहीत. आणि ज्याला कमरेखाली दुखणं कळत नाही त्याचे पाय अचानक जास्त उडायला लागले तर घरच्यांनी आधी लघवीचा संसर्ग, बेडसोर, आत वाढलेलं नख पाहावं. शरीर त्याला सांगू शकत नाही ते पाय सांगतात.

"चालता येईल का?" याचं उत्तर एमआरआयपेक्षा गुदद्वाराजवळच्या तपासणीतून जास्त मिळतं. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या भागातून येणारी ही संवेदना थोडी जरी शिल्लक असेल तरी इजा अपूर्ण आहे, तंतू थोडे का होईना जिवंत आहेत. तिथे टाचणी कळत असेल तर आशा बरीच वाढते. एका खोलीच्या घरात, आजी आणि वहिनी समोर असताना, ही तपासणी करायची म्हणजे आधी सगळ्यांना गॅलरीत पाठवावं लागतं. या घरी उत्तर नकारार्थी होतं. त्याच आठवड्यात कुणीतरी वडिलांना स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं होतं. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी हे फक्त रीतसर चाचणीत करता येतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. हे वाक्य मी आता प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहूनच देते. दागिने मोडायच्या आधी.

कल्याणला खडकपाड्याच्या बाजूला एक गवंडी होते, परांचीवरून पडलेले. त्यांचे पाय कधीच उडले नाहीत आणि त्यांना त्याचं वाईट वाटायचं. ओळखीतल्या कुणाचे तरी उडत होते ना! त्यांचा मार बरगड्या संपतात तिथला होता, म्हणजे नेमका मज्जारज्जूच्या टोकावर. तिथल्या पेशीच चिरडल्या गेल्या, मग स्वतःच्या मर्जीने वागायला मागे उरलं कोण? लघवीचंही तसंच. मूत्राशयाचं केंद्र त्या टोकाशी आहे. वरची इजा असेल तर ते भरलं की आपोआप आवळतं, टोकाची असेल तर सैल पडून तुंबतं आणि थेंब थेंब गळतं. पहिल्या प्रकाराला एक उपाय, दुसऱ्याला दुसरा, आणि दोन्हींत दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करणं हे चालण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. माणसं पायांनी मरत नाहीत, मूत्रपिंडांनी मरतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा पेशंटना डॉक्टर एक-दोन वर्षं देत. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविलला लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलायची आणि मूत्राशय सांभाळायचं, एवढं हट्टाने लावून धरलं आणि माणसं जगू लागली. पुढे त्यांनीच त्यांना खेळायला लावलं. त्यातून पॅरालिम्पिक उभं राहिलं, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक घेतलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचा कमरेखालचा भाग गेला होता. त्यांच्यावरच्या सिनेमामुळे आता पोरांना ते नाव माहीत असतं. गुटमनचं नसतं.

गोविंदाच्या आईचा एकदा रात्री फोन आला. डोकं फुटेल असं दुखतंय, चेहरा लाल, कपाळावर घाम, खाली अंग गार. त्याचा रक्तदाब एरवी 100 च्या आतला, तेव्हा 190. मी फोनवरच सांगितलं: आधी उठून बसवा, मग नळी बघा. नळी मांडीखाली दुमडली होती. ती सोडवली आणि दहा मिनिटांत डोकं उतरलं. भरलेल्या मूत्राशयाची तक्रार वर पोचत नाही, पण खालचा मज्जारज्जू स्वतःच घाबरून रक्तवाहिन्या आवळतो. छातीच्या सहाव्या भागाच्या वर इजा असेल तर हे होतं आणि यात माणूस दगावूही शकतो. त्या बाईंनी आता ही सूचना पलंगाच्या डोक्याशी चिकटवली आहे, मालीशच्या वेळापत्रकाखाली.

दोरीच्या वरच्या टोकाला प्रकार आणखी विचित्र. नौपाड्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेला. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे बहुतेक तंतू मानेच्या वर, मेंदूच्या देठाच्या तळाशी, बाजू बदलतात, म्हणून डावा हात-पाय कमजोर. ते बरंच सुधारलं. राहिलं ते जेवणाचं भांडण. "तू हल्ली चटणी-कोशिंबीर करतच नाहीस," असं ते काकूंना रोज म्हणायचे. काकू रोज करत होत्या. आपल्या पानात चटणी, कोशिंबीर, लोणचं डाव्या हाताला वाढतात आणि काकांच्या मेंदूने डावी बाजू जगातूनच वगळली होती. डोळे ठणठणीत होते. उजव्या मेंदूचा वरचा-मागचा भाग अवकाशाचा हिशेब ठेवतो, तो गेला की डावीकडचं नसतं, आणि नसतं याची जाणीवही नसते. आपल्या मेंदूत 8600 कोटी चेतापेशी असतात, असं 2009 मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी मोजून सांगितलं. एवढा फौजफाटा, आणि समोरची चटणी दिसत नाही.

काकूंनी स्वतःच उपाय काढला. जेवण निम्मं झालं की ताट गर्रकन फिरवायचं. "आता वाढलीस होय!" काका खूश. मला मात्र ताट स्थिर हवं आणि काकांची मान फिरायला हवी होती. आम्ही ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावली, लाल दिसेपर्यंत मान वळवायची असा नियम केला. काका चिडायचे, पण वळवू लागले. मेंदूत ही एक सोय आहे जी मज्जारज्जूत फारशी नाही: उरलेला भाग शिकतो. म्हणूनच घाईही तिथेच जास्त. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं की साडेचार तासांच्या आत गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. नौपाड्यातून हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. काकांना "वात आलाय, उद्या बघू" म्हणून रात्रभर झोपवून ठेवलं होतं.

मज्जारज्जूचे पेशंट शेवटी अडतात ते दारात. डोंबिवलीतल्या जुन्या इमारती चार मजली, लिफ्ट नाही, बाथरूमचं दार 22 इंच आणि व्हीलचेअर 25. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी 1984 पासून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डचं काम उभारलं, त्या स्वतः सोळाव्या वर्षापासून खुर्चीत. त्यांचं "चाकाची खुर्ची" मी पेशंटच्या घरच्यांना वाचायला देते, बरेचदा परत येत नाही. दिवाळीच्या पहाटे गोविंदाला पथकातल्या चार जणांनी तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीसकट उतरवून फडके रोडवर नेलं. नवा कुर्ता, केसांना जेल, गर्दीत दोन तास. कॉफीचे पैसे त्याने स्वतः मोबाइलवरून दिले, मनगट मागे वाकवून. फोटो सगळ्यांनी काढले. ती चार मुलं वर्षातून एकदा मिळतात. मंगळवारी सकाळी ओपीडीला न्यायला एकही मिळत नाही, आणि त्यांना दोषही देता येत नाही, सगळे 8.14 च्या लोकलला असतात.

सध्या विषय बाथरूमच्या दाराचा आहे. मिस्त्री म्हणतो भिंत तीन इंच कापता येईल. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात इमारत जुनी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणा. गोविंदाचे बाबा पत्रासाठी दोन वेळा जाऊन आलेत. तोपर्यंत अंघोळ पलंगावरच, बादली आणि मग घेऊन.